आधीची अठरा मिनिटं

मिठागरातली माणसं दुपारी बोलत नाहीत. तुम्हीही बोलू नका. पोरांना पाणी पाजून मगच बसवा.

मधमाश्या खऱ्या आहेत, माहिती जरा कमी खरी आहे. तरी बघा.

निवेदक फार बोलतो. आवाज बंद केलात तर फिल्म चांगली आहे.

घड्याळजीला हरवलेला स्क्रू शेवटी सापडतो. मी सांगून टाकलं म्हणून मजा जाणार नाही.

जेवणानंतर दाखवू नये. झोप लागते. दोष फिल्मचा नाही.

पुलावरचे कामगार चढताना खाली बघत नाहीत, डबा खाताना मात्र बघतात. असं का, ते मला कळलेलं नाही. तुम्हाला कळलं तर फिल्म परत करताना सांगा.

आत्यानं पुढचं झाकण उताणं करून टेबलावर ठेवलं आणि रुमालानं चष्मा पुसला. भाचीनं झाकणाच्या आतल्या कार्डाचा फोटो काढला.

"हेही वाच ना मोठ्यानं."

"तुझे डोळे काय भाड्यानं दिलेत?"

"तुझ्या तोंडून ऐकायला बरं वाटतं. कोण गं हा माणूस?"

"रीळबुवा."

"हे काय नाव झालं?"

"आडनावानं त्यांना फक्त पगाराच्या दिवशी हाक मारायचे. फिल्म शाळेतून, वसतिगृहातून परत आली की ती पहिल्यापासून शेवटपर्यंत चालवून बघायची, तुटली असेल तिथे जोडायची, गुंडाळून डब्यात घालायची. हे काम. आणि पुढचा माणूस डबा उघडेल तेव्हा त्याच्यासाठी झाकणाच्या आत दोन ओळी लिहून ठेवायच्या. हे काम नव्हतं. हे ते आपले करायचे."

"आणि फिल्मचं नावच नाही कुठल्या कार्डावर."

"नाव बाहेर रंगवलेलं आहेच की, म्हणायचे. एकच गोष्ट दोनदा कशाला लिहायची?"

वाचनालयाच्या तळघरात माहितीपटांचे दोनशे चौदा डबे होते. वाचनालय नव्या इमारतीत चाललं होतं, आणि तिथे डब्यांना जागा नव्हती. दहा माहितीपट संगणकावर घ्यायचे, बाकीचे मोडीत काढायचे, असं नव्या ग्रंथपालांनी ठरवलं. कोणते दहा बघण्याजोगे आहेत, हे सांगणारं कोणी हवं होतं. फिल्म विभागात एकतीस वर्षं काढलेली आणि अजून जिने चढू-उतरू शकणारी अशी एकटी आत्याच उरली होती. भाची तिथेच संगणकाच्या कामावर, त्यामुळे निरोप जेवणाच्या टेबलावरच पोचला.

तीन आठवडे झाले होते. निम्म्याहून जास्त डबे उघडतानाच आंबूस वास नाकात शिरायचा. फिल्म आक्रसून गेलेली, कामातून गेलेली. उरलेल्या एकेका फिल्मची गुंडाळी आत्या तपासणीच्या यंत्रावर चढवत होती. यंत्र हातानं फिरवायचं, पडदा पोस्टकार्डाएवढा, आवाज नाही. भाचीनं पहिल्याच दिवशी सुचवून पाहिलं होतं, की कार्डं वाचून निवडू, काम तासाभरात उरकेल.

"न बघता शिफारस करायची नाही," आत्या म्हणाली होती. एवढंच, पण अशा आवाजात, की भाचीनं पुन्हा विषय काढला नाही.

आज गुरुवार. यादी उद्या द्यायची होती. नऊ नावं झाली होती. दहाव्यासाठी मांडणीवर दोनच डबे उरले होते. आत्यानं ते पहिल्या दिवसापासून पाठीमागे सारून ठेवले होते.

भाचीनं त्यातला वरचा ओढला. झाकणावर पांढऱ्या रंगात, वळणदार अक्षरात लिहिलेलं होतं: त्रेचाळीस, दोरखंड.

"अक्षर सुंदर आहे गं."

"माझं आहे. इथे लागले तेव्हाचं माझं पहिलं काम. जुना रंग पोपडे येऊन गेला होता. सगळी झाकणं काढली, बाहेरून साबणानं पुसली, गच्चीवर ओळीनं वाळत घातली. आणि वारा असा सुटला म्हणतेस! झाकणं चाकासारखी गडगडत गच्चीच्या कोपऱ्यात. मी त्यांच्यामागे धावतेय आणि खालच्या खिडकीतून रीळबुवा ओरडतायत, ताई, पहिला नंबर कोणाचा आला?"

आत्या हसली. हसताना ती एकदम लग्नातल्या फोटोतल्यासारखी दिसते, असं भाचीला वाटलं.

"मग कुठलं झाकण कुठल्या डब्याचं, ते कसं कळलं?"

"आतलं कार्ड वाचायचं. मधमाश्या म्हटलं की मधमाश्यांचा डबा. नाहीच कळलं तर अंदाजानं."

भाचीनं झाकण उलटलं. कार्डावर या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत लाल पेन्सिलीची फुली होती. तिच्याखालून अक्षरं अजून वाचता येत होती.

"शेवटी एक बाई मागे वळून बघते. तेवढ्यासाठी आधीची अठरा मिनिटं बसा." भाचीनं मान वर केली. "आत्या, हीच घेऊ या! फुली कोणी मारली?"

"मी. त्यात बाई नाहीये."

"म्हणजे?"

"दोरखंड वळायच्या कारखान्याची फिल्म आहे. सतरा पुरुष आणि एक कुत्रं. कुत्रंसुद्धा मागे वळून बघत नाही."

भाची खो खो हसली. आत्या हसली नाही. तिनं यंत्राचा दांडा रिकामाच एकदा फिरवला.

"एका शाळेचं पत्र आलं. मुख्याध्यापकांनी वार्षिक यादीत हे वाचून फिल्म मागवली, मुलांना सांगितलं, बाई येईल, लक्ष ठेवा. ऐंशी मुलं बाईची वाट बघत दोरखंड बघत बसली. तेव्हाच्या ग्रंथपालसाहेबांनी मला बोलावलं, म्हणाले, बघून सांगा. मी दोनदा बघितली. मग टाचण लिहिलं. रीळ तपासनीस फिल्म न बघता शिफारस लिहितात, असं."

"मग?"

"मग काय. अठरा तारखेला साहेबांनी दोघांना समोर बसवलं. बुवा म्हणाले, बाई आहे. मी बघितलीय. साहेब म्हणाले, कुठे आहे? दाखवा. आणि माझ्याकडे हात करून म्हणाले, ही मुलगी हंगामी आहे, तरी शंभरावर झाकणांचं काम किती चोख केलंय बघा, एकही चूक नाही. तुम्हाला दोन ओळी धड लिहिता येत नाहीत? बुवांनी माझ्याकडे बघितलं. मग म्हणाले, चुकलं असेल माझं."

भाचीनं हातातलं झाकण हळूच टेबलावर ठेवलं.

"त्यांना वर्तमानपत्रांच्या कोठारात पाठवलं. निवृत्तीपर्यंत तिथेच गठ्ठे बांधत होते. मग कार्डं लिहायला समिती नेमली. ही बघ त्यांची." आत्यानं बाजूच्या ढिगातलं एक झाकण पुढे सरकवलं. "'माहितीपूर्ण. विद्यार्थ्यांस उपयुक्त.' एकशे दहापासून पुढे सगळी अशीच."

"आणि तुमचं बोलणं?"

"होतं की. जिन्यात भेटायचे. दर वेळी एकच. काय ताई, चव्वेचाळीस बघितलीत का? चांगली आहे हो, बघा कधीतरी. मला वाटायचं, टोमणा मारतायत. जो माणूस स्वतः बघत नाही, तो मला काय सांगतो बघा म्हणून! मी म्हणायची, वेळ कुठे असतो. निरोपसमारंभालासुद्धा हार हातात घेऊन तेच. चव्वेचाळीस बघा." आत्यानं नाकावरचा चष्मा उगाच नीट केला. "हट्टानं नाही बघितली."

भाचीचा फोन वाजला. नव्या ग्रंथपालांना वर काहीतरी विचारायचं होतं.

"दोन चहा घेऊन येते," ती जाता जाता म्हणाली. "तोवर दोरखंडाला न्याय दे."

आत्यानं त्रेचाळीस बाजूला ठेवला आणि खालचा डबा उघडला. चव्वेचाळीस, टपालाची बोट. झाकणात कार्ड होतं: "तोंडं कमी, हात जास्त. हातांकडे बघा. वळण कुठे बसतं ते शेवटपर्यंत कळत नाही." तिनं ते वाचलं, पुन्हा वाचलं, आणि फिल्म यंत्रावर चढवली.

पहाटेचं पाणी. लहानशी बोट. दोन माणसं टपालाच्या थैल्या चढवतात. एक लंगडतो. बोट एका बेटाकडून दुसऱ्या बेटाकडे जाते. लोक धक्क्यावर येतात, थैली घेतात, थैली देतात. एक म्हातारा आपली पत्रं नाकाजवळ धरून वास घेतो. कुणीतरी लंगड्याला भाजलेला मासा देतो. तो अर्धा खातो, अर्धा कागदात बांधतो. आत्याचा हात आपोआप बरोबर वेगानं फिरत होता. चोवीस चित्रं, एक सेकंद. एवढं हाताला अजून येत होतं.

शेवटचं बेट. थैलीत एकच पत्र. एक बाई ते घेते. उघडत नाही. धक्क्यावरून चढण चढायला लागते, पाठमोरी, बराच वेळ. बोट निघते, कॅमेरा बोटीवर, बाई लहान लहान होत जाते. आता संपणार, असं वाटतं.

बाई थांबते आणि मागे वळून बघते.

आत्याचा हात थांबला. पडद्यावर बाई तशीच राहिली. पोस्टकार्डाएवढ्या पडद्यात तिचा चेहरा तांदळाच्या दाण्याएवढा होता. ती कोणाकडे बघत होती, ते कळत नव्हतं.

मग आत्यानं दोन्ही झाकणं शेजारी शेजारी ठेवली. दोरखंडाच्या झाकणात बाई. बोटीच्या झाकणात दोराचं वळण आणि हात. दोन्हींवर बाहेरून तिचं वळणदार अक्षर, अजून कुठे पोपडासुद्धा न आलेलं. ही दोन कार्डं वाचून डबे ओळखू येत नव्हते. ही दोन झाकणं अंदाजानं लावलेली होती.

तिनं रिकामा डबा हातात घेतला तेव्हा तळाशी काहीतरी सरकलं. गुंडाळीच्या खाली ठेवलेलं एक कार्ड. मागे डिंक लावलेला, वाळून पिवळा पडलेला, कशालाही न चिकटलेला. पुढे तीच दोन वाक्यं, त्याच शाईत, नव्यानं लिहिलेली. शेवटी एक बाई मागे वळून बघते. तेवढ्यासाठी आधीची अठरा मिनिटं बसा. खाली तारीख, सतरा.

अठराला साहेबांनी दोघांना समोर बसवलं होतं, तेव्हा बुवांना झाकणांचं आधीच कळलेलं होतं.

आत्यानं खोडरबर शोधलं. लाल पेन्सिलीची फुली खोडायला लागली. फुली गेली नाही. कार्डभर गुलाबी पसरली आणि अक्षरं मात्र फिकट झाली. मग तिनं खोडणं थांबवलं.

भाची चहा घेऊन आली तेव्हा आत्या वाळलेल्या डिंकाला ओलं बोट लावून, चव्वेचाळीसच्या झाकणात एक कार्ड दाबून धरून बसली होती.

"दोरखंड बघितलास?"

"ही बघितली."

"कशी आहे?"

आत्यानं गुंडाळी उलटी फिरवून पहिल्यापासून लावली, खुर्ची सरकवली आणि भाचीला जागा करून दिली.

"आत्ता? आत्या, चहा निवेल."

"निवू दे. अठरा मिनिटं आहेत. बोलू नकोस."

भाची बसली. आत्या दांडा फिरवत राहिली. या वेळी तिनं पडद्याकडे बघितलंच नाही. भाचीच्या चेहऱ्याकडे बघत होती. म्हातारा पत्रांचा वास घ्यायला लागला तेव्हा भाचीच्या ओठांना हसू फुटलं. शेवटच्या बेटाशी ती पुढे झुकली. आणि मग तिनं श्वास आत ओढला, अगदी हलका, आणि तो तसाच ठेवला.

"बुवांनी बघितली होती," भाची हळूच म्हणाली.

"हो."

"मग ते कार्ड तिकडे कसं..."

आत्यानं आपली दोन्ही झाकणं तिच्यापुढे सरकवली. भाचीनं बाहेरचं अक्षर बघितलं, आतलं बघितलं. मग तिनं कागद ओढला आणि दहावं नाव लिहिलं.

"नव्या साहेबांना प्रत्येक फिल्मखाली चार ओळी हव्यात," थोड्या वेळानं ती म्हणाली. "आजच्या लोकांना आवडतील अशा. तुझ्याकडून लिहून घ्यायला सांगितलंय. शिफारस करणाऱ्याच्या नावासकट."

"झाकणात आहेत त्याच ओळी घाल. शब्द बदलायचा नाही."

"आणि नाव?"

"रीळबुवांचं."

"तुझं नको कुठेच?"

आत्यानं निवलेला चहा एका घोटात संपवला आणि पेला झाकणांपासून लांब, टेबलाच्या पार टोकाला ठेवला.

"माझं दुसऱ्या कागदावर आहे," ती म्हणाली.

ज्या दिवशी तिनं टाचणावर सही केली, त्या दिवशी तिची नोकरी कायम व्हायला एकोणीस दिवस बाकी होते.