एकोणसत्तर जीबी कुठे गेले?

तोर्किल वेस्टरगोर आयुष्यभर सरकारी वजनमाप तपासनीस होता. एरो बेटावरचा एकही मासेवाला किंवा खाटीक असा नव्हता, ज्याच्या तराजूखाली त्याने वाकून पाहिलं नव्हतं. निवृत्त झाल्यापासून मात्र बिचाऱ्याला कुणी मापात फसवतच नव्हतं. बायको गुद्रून म्हणायची, "लोक सुधारले म्हणून तोंड पाडून बसलेला माणूस अख्ख्या डेन्मार्कात तू एकटाच!"

त्या शनिवारी मात्र त्याचं नशीब उघडलं.

गुद्रूनच्या गायकवृंदाला कित्येक वर्षं गाणं शिकवणारी सोल्रून कायमची माहेरी, फेरो बेटांवर, परत निघाली होती. चारच्या बोटीने जाणार होती. वृंदाच्या आजवरच्या सगळ्या कार्यक्रमांचं चित्रण एका डिस्कवर भरून तिच्या हातात ठेवायचं, असं मंडळींनी ठरवलं. चर्चच्या संगणकावर ते सगळं नऊशे बासष्ट जीबी भरत होतं. तोर्किलने आदल्या दिवशीच मेरेटेच्या संगणकांच्या दुकानातून एक टीबीची डिस्क आणून ठेवली. एक टीबी म्हणजे हजार जीबी, हे खोक्यावर छापलेलंच होतं. म्हणजे सगळं मावून वर अडतीस उरणार.

सकाळी सगळे जमले, कॉफी ओतली गेली, डिस्क जोडली गेली. आणि पडद्यावर आकडा उमटला, नऊशे एकतीस! खाली सूचना: जागा अपुरी.

"एकोणसत्तर कमी!" तोर्किल जवळजवळ ओरडलाच. त्याच्या गालांवर लाली चढली. "हजाराला एकोणसत्तर! अरे, लोण्यात इतकं माप मारायची कुणाची छाती झाली नसती!"

"चिडलायस की खूश झालायस?" गुद्रूनने विचारलं.

तो उत्तर द्यायला थांबलाच नाही. डिस्क खिशात घालून त्याने सायकल काढली आणि थेट मेरेटेचं दुकान गाठलं.

मेरेटे काउंटरवर बसून दालचिनीचा पाव खात होती. त्याचा चेहरा पाहूनच तिने पाव बाजूला ठेवला. "तोर्किल, माझ्याकडे तराजू नाही हं."

"तराजू नाही, तरी माप मारतेस! हजार सांगून नऊशे एकतीस दिलेस."

मेरेटे खो खो हसली. "वर्षातून एकजण तरी येतोच. पण तुझ्यासारखा आनंदाने कुणी येत नाही. बस, दाखवते."

तिने डिस्क आपल्या संगणकाला जोडली. पडद्यावर बाइटांचा पूर्ण आकडा आला: एकावर बारा शून्यं, वर आणखी थोडी चिल्लर. "मोज. एक बाइटसुद्धा कमी नाही. डिस्क बनवणारा हजारात मोजतो. हजार बाइटांचा केबी, हजार केबींचा एमबी, हजार एमबींचा जीबी. तुमच्या त्या संगणकाचा हिशेब दोनच्या पटीतला. दोन, चार, आठ करत तो एक हजार चोवीसवर पोचतो, आणि प्रत्येक पायरीला तेवढ्याने भागतो. डिस्क तीच, पण त्याचा जीबी मोठा. म्हणून आकडा लहान."

तोर्किलने पावाच्या कागदी पिशवीवर भागाकार मांडला. एक हजार चोवीसने भागलं, पुन्हा भागलं, पुन्हा भागलं. नऊशे एकतीस! वर थोडा अपूर्णांक. तो पिशवीकडे पाहतच राहिला, आणि मग त्याने काउंटरवर थाप मारली.

"म्हणजे आपला जुना मैल आणि स्वीडनचा मैल! आपला साडेसात किलोमीटरांचा, त्यांचा दहांचा. नाव मात्र एकच. चोरी कुणाचीच नाही, पण वाटसरू दमणार तो दमणारच!"

"अगदी बरोबर. या दोन जीबींनाही वेगवेगळी नावं दिलीत, पण वापरतो कोण?"

"मी असतो ना, तर दोघांनाही..."

"दंड केला असतास, माहितीये. आता पुढे काय? मोठ्या डिस्का सोमवारशिवाय येत नाहीत."

नऊशे बासष्टातून नऊशे एकतीस गेले, एकतीस उरले. मेरेटेने फळीवरून बत्तीस जीबीचा पेनड्राइव्ह काढला. तोर्किलने हात पुढे केला, आणि तसाच मागे घेतला.

"थांब! हे बत्तीस तुझ्या खोक्याचे. आमच्या संगणकाला ते तीससुद्धा भरायचे नाहीत. चौसष्टवाला दे."

मेरेटेने कपाळाला हात लावला. "बाई गं! मीच चुकले असते की!"

तोर्किल शीळ घालत परतला. त्याने सगळ्यांना मैलाची गोष्ट सांगितली, मग पुन्हा एकदा सांगितली. आता प्रश्न एवढाच उरला, की पेनड्राइव्हवर कुणाची रवानगी करायची? सगळ्यांच्या नजरा वृंदाच्या अध्यक्षांकडे, वाल्देमारकडे वळल्या. प्रत्येक कार्यक्रमाआधी त्याचं भाषण व्हायचं, आणि तेही लांबलचक.

"माझी भाषणं?" वाल्देमार म्हणाला. "ती भरतील एकतीस?"

गुद्रूनने बेरीज केली. "चाळीस!"

हसता हसता कुणाच्या तरी हातून कॉफी सांडली. सगळ्यात मोठ्याने वाल्देमारच हसला. "काढा! गाणी एकत्र राहू देत. माझ्यासाठी वेगळी खोली, हा तर मानच झाला!"

दुपारपर्यंत सगळं उतरलं. धक्क्यावर सोल्रूनच्या हातात डिस्क ठेवली. ती छातीशी धरून ती उभी राहिली. मग वाल्देमारने पेनड्राइव्ह पुढे केला. "आणि ही माझी भाषणं."

सोल्रूनने डोळे पुसले. "ही मी वरच्या खिशात ठेवते. समुद्र खवळला की लावीन, लगेच झोप लागेल."

बोट सुटली तसा वृंद गाऊ लागला. कठड्याला रेललेली सोल्रून तिथूनच हात उंचावून ताल धरत होती. तोर्किलला सूर कशाशी खातात हे ठाऊक नव्हतं, पण तोही मोकळ्या गळ्याने गायला लागला, आणि गुद्रूनने त्याचा दंड घट्ट धरला.