शब्दाआधीचं प्रश्नचिन्ह

राजेंद्र नगरात राहणाऱ्या आनंदरावांची तीस वर्षं महूच्या लष्करी कचेरीत इंग्रजी पत्रं टाइप करण्यात गेली होती. साहेबांचा स्वल्पविराम चुकला, तर ते न बोलता दुरुस्त करून टाकत. निवृत्तीनंतरही डोळ्यांची ती खोड गेली नव्हती.

एका सकाळी त्यांच्या पत्नी गिरिजाबाई अंगणातल्या ओल्या फरशीवर घसरल्या आणि त्यांचं मनगट सुजलं. तुकोगंजच्या दवाखान्यात नागपूरहून नव्यानं आलेल्या डॉक्टर प्राचीनं हात तपासला, चिठ्ठी लिहिली आणि एक्स-रे काढून आणायला सांगितलं. चिठ्ठीवर इंग्रजीत होतं: ? फ्रॅक्चर.

आनंदरावांनी ती दोनदा वाचली. प्रश्नचिन्ह शेवटी यायला हवं, बाईंनी घाईत आधीच लावून टाकलंय, असं त्यांना वाटलं. पुढचा शब्द मात्र स्वच्छ होता. गिरिजाबाई एक्स-रेसाठी आत जाताच त्यांनी मुलाला, पंचशीलला, फोन लावला. मग धाकट्या बहिणीला, धम्मदीनाला.

"हड्डी तुटली गं. दीड महिना प्लास्टर पक्कं समज."

एक्स-रे घेऊन दोघं परत डॉक्टरांसमोर बसले. आनंदरावांनी आधी चिठ्ठीच पुढे केली.

"मॅडमजी, राग नका मानू, पण हे चिन्ह गलत जागी लागलंय."

"बरोबर आहे ते, काका," प्राची हसून म्हणाली. "शंका असली की आम्ही डॉक्टर ते शब्दाच्या आधी लावतो. हाड मोडलंय असं नाही, मोडलं असेल का ते बघा, असा अर्थ." तिनं एक्स-रे उजेडात धरला. "नाही मोडलेलं. मुरगळलंय फक्त. पट्टी बांधून आठवडाभर जपा."

आनंदरावांचा जीव भांड्यात पडला. लगेच ते दोन फोन आठवले, आणि कान गरम झाले.

"अहो, मला विचारायचं तरी," गिरिजाबाई म्हणाल्या. "बोटं हलत होती माझी."

घरी पोचले तर दारात पंचशीलची स्कूटर उभी होती, आणि धम्मदीना दाल-बाफल्यांचे डबे घेऊन ओट्यावर बसलेली.

"हड्डी सलामत आहे," आनंदराव फाटकातूनच म्हणाले. "डॉक्टरनं विचारलं होतं, सांगितलंय असं मी समजलो."

"मग एवढं जेवण कोण खाणार, दादा?"

"आपणच," गिरिजाबाई म्हणाल्या, आणि पट्टीचा हात मांडीवर ठेवून आरामात बसल्या. "वाढायचं काम मात्र आज ह्यांच्याकडे."

आनंदरावांनी बाह्या सरसावल्या आणि कणकेच्या खरपूस बाफल्यांवर सढळ हातानं तूप सोडलं.