अकरा पडले तेव्हा

वीस तोंडांचा एक जुना फासा, एवढीच माझी ओळख. निळ्या प्लॅस्टिकचा. नागपूरला कॉलेजात शिकणाऱ्या उर्वशीने मला घेतले आणि सुटीत लाखनीला घरी आणले. मित्रांनो, तिचा खेळ सगळा बोलण्याचा. ती गोष्ट सांगते, खेळणारे त्यातली पात्रे होतात, आणि अवघड प्रसंगी मला टाकून निकाल लागतो.

तिचा भाऊ भूपेंद्र हायवेवरच्या अपघातापासून खाटेवरच होता. त्याने जादूगार निवडला, मायाधर. मायाधरची मोठी विद्या म्हणजे देह सोडून जाणे. तो आडवा होई, मंत्र म्हणे, आणि आत्मा बाहेर पडे. त्या आत्म्याला भिंत अडवत नसे. सारे दिसे, ऐकू येई. पण गवताची काडीही उचलता येत नसे. एक चंदेरी धागा त्याला देहाशी बांधून ठेवी. जितका उशीर, तितका धागा झिजे आणि परतायला मोठा आकडा लागे. तीनदा हुकले की धागा तुटला.

महिनाभर मी चांगला पडलो. "फासा गुणाचा हाये," असे म्हणून भूपेंद्र मला उशीजवळ ठेवी. खरे तर त्यात माझा काही गुण नव्हता.

एका दुपारी मायाधरचा आत्मा किल्ल्यात कैदी शोधायला गेला. कैदी सापडले, तरी भूपेंद्र परतेना.

"आता वापस ये," उर्वशी म्हणाली.

"थांब न. तलावावरून जाऊन राहिलो. मस्त वाटून राहिलं."

बऱ्याच वेळाने त्याने मला टाकले. निदान सोळा हवे होते. तीन पडले. मग नऊ.

त्यांची आई, चंद्रकांता, तिथेच तांदूळ निवडत होती. तिने विचारले, "त्या मायाधरच्या आंगापाशी कोण बसलं हाये?"

"कोणीच नाई, आई."

"मंग मले बसव तिथं. मी हाक मारतो त्याले."

उर्वशीच्या नियमांत असे काही नव्हते. "आई बसली तं बारा चालतील," ती म्हणाली.

आईने सूप बाजूला ठेवले आणि खाटेजवळ आली. "ये बापा. लय फिरला."

भूपेंद्रने मला मुठीत घट्ट धरले. त्याच्या तळहाताला घाम होता. मित्रांनो, मला सारे कळत होते, पण कोणते तोंड वर यावे हे माझ्या हाती नाही. मी पडलो, घरंगळलो, थांबलो.

अकरा.

धागा तुटला, मायाधर गेला. भूपेंद्रने तोंड भिंतीकडे फिरवले. उर्वशीने मला डबीत टाकले. चार दिवस आई त्याला जेवायला विचारी आणि उत्तर येत नसे. मी डबीत ऐकत राही.

पाचव्या दिवशी त्यानेच नवे पात्र लिहायला कोरा कागद मागितला.

"जादूगारच न?" उर्वशीने विचारले.

"नाई. जे आंग सोडून जातेत, त्याइच्यापाशी बसणारा लिही."

आता माझे आकडे पुसट झालेत. त्यांत रंग भरायला कोणाला सुचत नाही, आणि मला मागता येत नाही. मी वाईट पडलो तर खुशाल दोष द्या, पण भिंतीवर मारू नका. आणि ज्याच्यासाठी मी वाईट पडलो, त्याच्यापाशी थोडा वेळ बसा. तेवढे मला करता येत नाही.