ड्युटीवरची चाल

वकिलाच्या टेबलाच्या काचेवर बोटांनी ठेका धरून अच्युत पोतनीस गात होते. सरकारी कारखान्यातून टर्नर म्हणून निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, पण सूर हलला नव्हता. कडवं संपल्यावर रवींद्र वकिलाने मोबाइलवर सिनेमातलं गाणं लावलं. शब्द वेगळे, चाल तीच. चोरांनी एखादा सूर बदलायचीही तसदी घेतली नव्हती.

"एकदम सेम आहे, काका," रवींद्र म्हणाला. तो मूळचा इंदूरचा, इथे एम. पी. नगरात नुकतंच ऑफिस थाटलेला. "केस तर बनतेच. आता सांगा, ही चाल बनवली कुठे?"

अच्युतरावांची मान ताठ झाली.

"कारखान्यात! सुरक्षा सप्ताहासाठी मॅनेजरसाहेबांनी मला लेथवरून सोडवून हॉलमध्ये पेटीपुढे बसवलं. हजेरी चालू, पगार चालू. टर्नरला गाण्याची ड्युटी! अख्ख्या टाउनशिपमध्ये असा मान कुणाला मिळाला नाही."

रवींद्रने पेन खाली ठेवलं.

"हे कोर्टात बोलू नका. साहेबांनी सांगून, पगारावर केलेली चाल कारखान्याची होते. समोरचा वकील हेच पकडून बसेल. आणि कारखान्याला तर काही पडलेलीच नाहीये."

अच्युतराव खचलेच. त्या गाण्याखाली आपलं नाव यावं, एवढंच त्यांना हवं होतं, आणि त्यापायी त्यांनी कोलार रोडवरच्या आपल्या घरात कुणाला सुखाने जेवू दिलं नव्हतं.

"आणि घरी बनवली असती तर?"

"तर तुमची. पण घरी बनताना ऐकली, असं सांगणारं कुणी पाहिजे ना."

दोघांनीही शशिकलाबाईंकडे पाहिलं. त्या मघापासून मांडीवरची पर्स धरून नवऱ्याशेजारी बसल्या होत्या.

"ही सांगेल की!" अच्युतराव एकदम उजळले. "शशी, एवढंच म्हणायचं. मी क्वार्टरमध्ये तुझ्याजवळ बसून चाल बांधली."

शशिकलाबाईंच्या डोक्यात सणक गेली.

"कोणते दिवस होते ते, आठवतंय तुम्हाला?"

"मार्च. सुरक्षा सप्ताह मार्चमध्येच असतो."

"सातवा महिना होता मला."

अच्युतरावांची बोटं काचेवरून खाली आली.

"कळा सुरू झाल्या तेव्हा शेजारच्या मंदाकिनीवहिनींनी हॉलवर निरोप पाठवला. अंतरा जमत आलाय, तेवढा झाला की निघतो, म्हणालात. वहिनींनी मला दवाखान्यात नेलं. मुलगी होती. तुम्ही पोचलात तोवर तिला पुरायला नेलंही होतं. आणि समारंभाच्या दिवशी बायका घरी येऊन मला सांगत होत्या, गाणं काय सुंदर झालं म्हणून."

"शशी, ते आता इथे कशाला..."

"तुम्हीच म्हणालात ना, मी कुठे होतो ते सांग?"

रवींद्र अवघडला. उगाच कागद सारखे करत त्याने विचारलं, "काकू, मग मी काय लिहू?"

"लिहा," शशिकलाबाई म्हणाल्या, "हे ड्युटीवर होते."