पश्चिमेची भिंत

वायरची नळी अडकली ती वरून बरोबर तिसऱ्या फुटावर. मुलीनं ती ओढून वर काढली आणि शेजारच्या पोकळीत सोडली. तिथंही तीन फूट. परांचीवर सरकत सरकत तिनं एकूण बारा पोकळ्या तपासल्या, आणि बाराही जणींनी एकच जबाब दिला. साक्षीदार इतके एकमतानं बोलायला लागले की समजावं, कोणीतरी त्यांना पढवून ठेवलंय.

भिंत तिच्या स्वतःच्या नव्या घराची होती. पश्चिमेची, दहा फूट उंच. बांधणारा मिस्त्री तिचा सख्खा बाप. ती स्वतः सोलरची फिटर; लोकांच्या छपरांवर पॅनल बसवायची. नाक्यावरचे गवंडी तिला 'सोलरवाली' म्हणत आणि तिच्या बापाला 'भक्कम मिस्त्री'. ही पदवी त्यानं अडतीस वर्षं खपून कमावली होती. त्याच्या भिंतीत एक खिळा ठोकायचा तर तीन वाकवायची तयारी ठेवावी लागे, आणि घरमालक हे पाहुण्यांना कौतुकानं सांगत.

मुलीचा हिशेब निराळा. पाण्याची टाकी आणि जिन्यावरची खोली सोडली तर तिच्या छपरावर आठ पॅनल मावत होते. आठ म्हणजे आठ. छप्पर काही विनवण्या करून वाढत नाही. आठात पंखे, दिवे, पंप, फ्रिज आणि विजेची शेगडी चालणार होती. एसी नाही. तेव्हा घरच असं हवं की एसीची आठवण होऊ नये. म्हणून पश्चिमेची भिंत पोकळ ठरली: विटा निजवायच्या नाहीत, काठावर उभ्या करायच्या आणि दोन रांगांमध्ये चार बोटं हवा ठेवायची, जागोजागी आडवी वीट घालून तिच्या वेगळ्या पोकळ्या करायच्या. ऊन बाहेरच्या विटेला तापवतं, पण आतल्या विटेपर्यंत पोचता पोचता त्या हवेत दमतं. शिवाय वायरच्या नळ्या त्याच पोकळीतून खाली सोडता येतात.

हे सगळं तिनं बापाला कागदावर काढून दाखवलं होतं. त्यानं तो कागद उलटून मागची बाजूही पाहिली होती आणि म्हणाला होता, "ठीक आहे." मिस्त्रीचं 'ठीक आहे' म्हणजे 'ऐकलं' एवढंच, हे तिला लहानपणापासून ठाऊक होतं. पण घर बांधायला काढलं की माणसाला सोयीचं तेवढंच आठवतं.

"बाबा, आत काय भरलंय?" तिनं वरूनच विचारलं.

"कशाच्या आत?" मिस्त्री खाली दोरी गुंडाळत होता.

"भिंतीच्या."

"भिंतीच्या आत भिंतच असणार. कापूस का भरतात?"

"खालचे सात फूट भरलेत. वरचे तीन मोकळे आहेत. मी दोन दिवस रजा टाकून इथं उभी होते, तेव्हा बांधलेले तीन."

मिस्त्रीनं नाकारलं नाही. खोटं बोलायची त्याला सवय नव्हती, फक्त न सांगायची होती. ती कामावर गेली की तो प्रत्येक थराच्या पोकळीत घमेलंभर सिमेंट-वाळूचा माल ओतायचा आणि ती यायच्या आत वरचा थर लावून टाकायचा.

"तुझ्या सिमेंटला हात लावला नाही," तो म्हणाला. "माल मी माझा आणला. तुझं काय गेलं?"

"माझी हवा गेली."

"हवा! अडतीस वर्षं परक्यांना भरीव भिंती दिल्या, आणि पोटच्या पोरीला डबा बांधून देऊ? नाक्यावर काय म्हणतात ऐकलंस का? म्हणतात, मिस्त्रीनं लेकीला खोकं दिलं."

"खोकं तर खोकं. मी मागितलं होतं ना?"

"लहानपणी तू सुरीही मागायचीस."

"पाडा ती, बाबा. आणि सांगितली तशी बांधा."

मिस्त्रीनं दोरी खाली ठेवली. "मी बांधलेली भिंत आजवर कोणी पाडलेली नाही. भूकंपानंसुद्धा नाही."

"भूकंपाला तिच्यातून वायर न्यायची नव्हती."

तिचा नवरा शाळेची प्रयोगशाळा सांभाळायचा. गरीब माणूस, भांडण दिसलं की त्यात पाणी ओतून ते पातळ करता येतं, असा त्याचा समज. तो पुढं झाला. "मी काय म्हणतो, दोन पॅनल अंगणात उभे केले तर? मग छोटा एसीही..."

"तू गप्प बस रे," बायको म्हणाली.

"जावईबापू, तुम्ही चहाचं बघा," सासरा म्हणाला. त्या दिवशी बापलेकीचं एकमत झालं ते एवढ्याच मुद्द्यावर.

दुसऱ्या दिवशी सकाळी मुलगी नाक्यावर गेली. कामाच्या शोधात पंधरा गवंडी उभे होते. "भिंत पाडून परत बांधायचीय," म्हणताच अकरा हात वर झाले. कोणाची ते सांगितल्यावर एकेक हात असा खाली आला, जणू डोकं खाजवायलाच वर गेला होता.

"पोरी," त्यातला सगळ्यात म्हातारा म्हणाला, "त्याच्या भिंतीला हात लावला तर उद्या इथं उभं राहायला तोंड उरणार नाही. आणि खरं सांगू का? ती फुटायचीही नाही."

सगळे हसले. तीही हसली, पण तिथून सरळ हत्यारांच्या दुकानात गेली आणि छिन्नी-हातोड्याच्या दोन जोड्या घेऊन आली. एक नवऱ्यासाठी होती. नवऱ्यानं नेमकं त्याच आठवड्यात पाठीचं दुखणं काढलं.

सुटीच्या दिवशी ती परांचीवर चढली. मिस्त्रीनं खाली सावलीत खुर्ची मांडली. वर ताडपत्री ताणलेली असल्यानं आतल्या बाजूला बसायला बरं होतं.

"छिन्नी तिरपी धर. बोट जाईल."

"जाऊ दे. माझं आहे."

एका कडेचा वरचा मोकळा भाग भराभर निघाला. खाली भरीव भाग लागला आणि काम थांबल्यात जमा झालं. दुपारपर्यंत विटा निघाल्या चार, त्यातल्याही दोन तुकड्यातुकड्यांनी. मुलीच्या तळहातावर फोड आले. मिस्त्रीला भिंतीचा अभिमान वाटत होता आणि तो लपवण्याचे कष्टही तो घेत नव्हता.

चारच्या पुढं आई डबा घेऊन आली. ही बाई मोजकं बोलायची. तिनं लेकीचे हात पाहिले, खुर्ची पाहिली, खुर्चीतला नवरा पाहिला. डबा विटांवर ठेवला, बाह्या वर केल्या, परांचीवर चढली आणि छिन्नी-हातोड्याची दुसरी जोडी उचलली.

"अगं, उतर खाली! पडशील!"

"पडले तर भिंतीवर पडेन. भक्कम आहे ना तुमची."

"तुला काय कळतं यातलं?"

आईनं हातोडा खाली केला. "मला? तुमच्या भक्कम घरात बत्तीस उन्हाळे काढलेत मी. तुम्ही दुपारी घरात होतात कधी? तुम्ही लोकांच्या भिंतींवर, जेवायला झाडाखाली, रात्री अंगणात खाटेवर. घर चारला तापायला लागायचं ते अर्ध्या रात्रीपर्यंत निवायचं नाही. हिच्या अंगभर घामोळं यायचं. मी हिला घेऊन जिन्याखाली बसायचे. गादी टाकून ठेवली होती तिथं. कधी विचारलंत, ही गादी कोणाची?"

"तू सांगितलं नाहीस."

"सांगितलं होतं. तुम्ही म्हणालात, ठीक आहे."

आणि तिनं छिन्नीवर घाव घातला. बत्तीस वर्षांचा असावा. अर्धी वीट उडून खुर्चीपाशी पडली.

मिस्त्री उठला. बायकोला उतरवायचंच, म्हणून परांचीवर चढायला लागला. चढताना आधाराला तळहात भिंतीवर ठेवला आणि झटकन काढला. भिंत आतल्या बाजूनंही तापली होती, चुलीवरून नुकत्याच उतरवलेल्या पातेल्यासारखी. तो दोन पायऱ्या वर गेला आणि पुन्हा हात टेकला. तिथून वरची, पोकळ राहिलेली भिंत नुसती कोमट. तो खाली उतरला, हात टेकला. वर चढला, हात टेकला. अडतीस वर्षं त्याचा हात भिंतीवरून फिरला होता, पण सकाळी, ओल्या भिंतीवरून. कामाच्या जागी संध्याकाळचे पाच वाजले की तो हात धुऊन निघालेला असायचा.

वरून मायलेकी त्याची ही चढउतार बघत होत्या. कोणी एक शब्द बोललं असतं तर तो घरी निघून गेला असता.

"उतरा दोघी," अखेर तो म्हणाला.

"नाही उतरणार," मुलगी म्हणाली.

"उतरा म्हणतो ना! अशानं वर्ष लागेल. भरीव भिंतीला तोंडावर मारत नाहीत, सांध्यात मारतात. आण ती छिन्नी इकडे."

त्याला दोन दिवस लागले. भिंत कुठं दुखते हे बांधणाऱ्यालाच ठाऊक असतं. वाटेनं जाणारे थांबून बघत, आणि तो कोणाकडे न बघता घाव घालत राही. नवी भिंत सहा दिवसांत उभी राहिली. सहाही दिवस मुलीनं रजा काढली आणि प्रत्येक थराच्या पोकळीत टॉर्च मारून पाहिला. मिस्त्री प्रत्येक वेळी म्हणायचा, "बघ, बघ. बापावर भरवसा नाही." ती म्हणायची, "बापावर आहे. मिस्त्रीवर नाही."

छत झालं, आठ पॅनल चढले. मग एका संध्याकाळी मुलगी बापाजवळ येऊन हळूच म्हणाली, "बाबा, बाहेरून गिलावा करून टाकू. उभ्या विटा झाकल्या जातील. नाक्यावर कोणाला बोलायला जागा नको."

मिस्त्रीनं तिच्याकडे असं पाहिलं की जणू तिनं त्याला तोंड झाकून फिरायला सांगितलं होतं.

"चोरी केलीय का मी, झाकायला?"

काम संपवून परतणारे नाक्यावरचे चौघे तेवढ्यात रस्त्यावर थांबले होते. त्या म्हाताऱ्यानं कमरेवर हात ठेवले. "काय मिस्त्री, उतारवयात खोकी बांधायला लागलास?"

"लागलो," मिस्त्री म्हणाला. "पश्चिमेला. आता घरी जा, तुझ्या घराची पश्चिम कुठं आहे ते बघ, आणि बायकोला विचार, दुपारी ती कुठं बसते."

"बसते आपली कुठंतरी. त्याचं काय?"

"विचारून ये. मग हस."

म्हातारा हसायला गेला, पण मधेच थांबला. बाकीचे तिघे आपापल्या चपलांकडे बघायला लागले.

मिस्त्रीनं त्यांच्याकडे पाठ केली. गिलाव्यासाठी आणून ठेवलेली वाळू मुलीच्या देखत लाथेनं बाजूला सारली, तारेचा ब्रश घेतला आणि सांधे साफ करायला बसला. मग बारीक थापीनं एकेक सांधा इतका ठसठशीत कोरला, की रस्त्यानं जाणाऱ्या कोणालाही काठावर उभी असलेली प्रत्येक वीट लांबूनच मोजता यावी.