साक्षपेटीचा हिरवा दिवा

मित्रांनो, मी एक जुनी साक्षपेटी आहे. नावावरून तुम्हाला मी न्यायालयातली वाटेन, पण तिथे माझं काही काम नव्हतं. पूर्वजन्म नोंदणी केंद्रात, तळमजल्यावरच्या चार नंबरच्या खोलीत मी बसत असे. हा मुलगा मागच्या जन्मी कोण होता, ही मुलगी आधी कोणाच्या घरची होती, याची साक्ष मी द्यायची. एकवीस वर्षं मी ती छातीठोकपणे दिली. ती सगळीच्या सगळी चुकीची होती, हे मला अगदी शेवटच्या तीन दिवसांत कळलं, आणि तेही एका पंधरा वर्षांच्या मुलीमुळे.

मला घडवलं घड्याळं दुरुस्त करणाऱ्या एका मावशींनी. लाकडाची ट्रंकेएवढी पेटी, डावीउजवीकडे तळहाताच्या आकाराच्या तांब्याच्या दोन पट्ट्या आणि डोक्यावर हिरव्या काचेचा एक दिवा, एवढाच माझा थाट. दोन पट्ट्यांवर दोन तळवे टेकले की माणसाचं काळीज मला ऐकू येई. मावशींनी मला सहा वर्षं शिकवलं. त्या माणसांना बोलावत आणि त्यांच्यासमोर त्यांचीच एखादी जुनी वस्तू ठेवत, शाळेतली पट्टी, मोडकं खेळणं, आईचा चष्मा. ओळखीची वस्तू दिसली की काळीज एक ठोका अडखळतं आणि मग धावत सुटतं. परक्या वस्तूला ते ढिम्म राहतं. हा फरक मी इतका पक्का शिकले की मावशी कौतुकाने माझ्या झाकणावर थाप मारत.

मावशी गेल्या आणि केंद्राने मला विकत घेतलं. तिथे लहान मुलांसमोर मेलेल्या माणसांच्या वस्तू ठेवायच्या, आणि मुलाच्या काळजाने ओळख दिली की मी दिवा लावायचा, असं ठरलं. पहिल्याच महिन्यात एक गृहस्थ आले. आपल्या गेलेल्या मुलाचा बूट माझ्यापुढे ठेवून ते बोलावलेल्या लेकरासमोर बसले. रिकामे हात कुठे ठेवावेत ते त्यांना कळेना. आमच्या नोंदणीबाई तेव्हा नव्यानेच लागल्या होत्या. त्यांना ते बघवेना. त्या म्हणाल्या, “अहो, एका पट्टीवर तुम्ही हात ठेवा, दुसरीवर लेकरू ठेवेल. उरलेल्या हातांनी एकमेकांना धरा. तेवढाच धीर येईल दोघांना.”

त्या दिवशी माझा दिवा लागला. तेव्हापासून केंद्रात तीच पद्धत पडली.

पुढे माझे दिवस पालटले. वर्तमानपत्रात फोटो आले. मोठमोठे लोक येऊन मला हात लावून जात. नोंदणीबाई मऊ फडक्याने माझं तांबं रोज पुसत. माझी मान ताठ झाली. पेटीला मान नसते, पण ताठा यायला मान लागतेच असं नाही.

मग नियम निघाला. एकाच वस्तूवर तीन वेळा हिरवा दिवा लागला, तर ते मूल अठरा वर्षांचं होईपर्यंत आठवड्यातले तीन दिवस आपल्या आधीच्या घरी राहील. कोणाच्या मृत्यूनंतर कोण जन्मलं, ते तारखांवरून जुळवायचं आणि मुलांना बोलावणी धाडायची. अशाच एका बोलावण्यावरून सोमवारी सकाळी भिंगरी आली.

भिंगरी हे तिचं टोपणनाव. एका जागी बसेल तर शपथ. तिचे बाबा बस चालवायचे आणि त्या दिवशी ते गणवेशातच आले होते. आई तिच्या लहानपणीच गेलेली, घरात बापलेक दोघंच. समोर बसली होती शाळेचे गणवेश शिवणारी एक शिंपीणकाकू. तिची एकुलती एक लेक सोळा वर्षांपूर्वी तापाने गेली होती. तिने पिशवीतून एक फ्रॉक काढून माझ्यापुढे ठेवला. त्याला एकच बाही होती.

तळवे तांब्यावर टेकले. उरलेले दोन हात एकमेकांत गुंतले. काळीज अडखळलं आणि धावत सुटलं. मी दिवा लावला.

“माझी पोर!” काकू हुंदक्यातून म्हणाली.

भिंगरीने चटका बसल्यासारखा हात काढला. “पण मला काहीच आठवलं नाही!”

“तुला नसेल आठवलं,” केंद्राचे साहेब समजुतीने म्हणाले. “तुझ्या काळजाला आठवलं.”

यावर काय बोलणार कोणी? तोंड उघडायला जागाच नाही. भिंगरीच्या बाबांनी हातातली टोपी चुरगाळली.

मंगळवारी दुसऱ्यांदा दिवा लागला. आता फक्त बुधवार उरला. काकू गेल्यावर बापलेक माझ्याशेजारच्या बाकावर बसले होते.

“बाबा, माझ्या आत कोणी दुसरीच राहते का हो? आणि मलाच पत्ता नाही?”

बाबांनी तिला जवळ ओढलं. मग तिने विचारलं, “तुम्ही आईला शोधायला का नाही आलात इथे?”

“यायचं मनात होतं,” बाबा म्हणाले. “पण भीती वाटली. सापडली असती, तर कोणाच्या तरी घरून आणावी लागली असती ना. त्या घरचे लोक माझ्यासारखेच बाकावर बसले असते.”

एवढं बोलून ते पाणी प्यायला बाहेर गेले. मित्रांनो, खोटं कशाला सांगू, त्या क्षणी मला माझ्या दिव्याची पहिल्यांदा लाज वाटली.

पण भिंगरी रडत बसणाऱ्यातली नव्हती. जेवणाची सुट्टी झाली होती. नोंदणीबाईंनी डबा उघडला होता आणि नोंदींची जाडजूड वही माझ्या झाकणावर पडली होती. भिंगरी ती चाळू लागली. आधी उभ्याने, मग खुर्ची ओढून.

“बाई, इथे ‘टपाल’ लिहिलंय ते काय?”

“नातेवाईक परगावी असतात, आजारी असतात. वस्तू टपालाने पाठवतात. मग समोर आपला शिपाई बसतो.”

“शिपाई हात ठेवतो?”

“ठेवतो की. कोणीतरी ठेवायला नको?”

भिंगरीची बोटं झरझर पानं उलटत होती. दहा मिनिटं झाली, पंधरा झाली. “बाई, टपालाच्या एकसष्ट नोंदी आहेत. एकातही हिरवा दिवा नाही.”

बाईंचा घास हातातच राहिला. “असं कसं होईल? नीट बघ.”

“दोनदा बघितलं. नातेवाईक समोर असले की दर दहातून चार वेळा हिरवा. शिपाई असला की एकदाही नाही.” तिने माझ्या दोन्ही पट्ट्यांकडे आळीपाळीने पाहिलं. “बाई, उद्या माझ्या जागी तुम्ही बसाल?”

बाईंना कळलं, आणि मलाही. दोन पट्ट्यांवरून मला एकच काळीज ऐकायला शिकवलं होतं. एकवीस वर्षं माझ्यावर दोन माणसं हात ठेवत होती आणि मी त्या गलबल्यातून जे मोठ्याने धावेल ते, म्हणजे नातेवाइकाचं, ऐकून मुलाच्या नावावर दिवा लावत होते. याला म्हणतात चोर सोडून संन्याशाला फाशी. तुमच्यासारख्या किती मुलांना मी आठवड्यातले तीन तीन दिवस परक्या घरी धाडलं, ते त्या वहीत लिहिलेलं आहे.

बुधवारी सगळे जमले. भिंगरीच्या खुर्चीत नोंदणीबाई बसलेल्या पाहून साहेब भडकले. “हा काय पोरखेळ लावलाय?”

“साहेब, एकवीस वर्षांत तुमच्याकडे एक जास्तीची रजा मागितली नाही मी,” बाई म्हणाल्या. “आज पाच मिनिटं मागते.”

शिंपीणकाकू गोंधळली. “मी काय करू?”

“रोज करता तेच,” भिंगरी हळूच म्हणाली.

काकूने फ्रॉक ठेवला. एक हात तांब्यावर टेकला, दुसरा बाईंच्या हातात दिला. दिवा लागू नये असं मला वाटत होतं. लागला तर भिंगरी सुटणार होती, पण काकूचं उरलंसुरलं जाणार होतं. पण ऐकू आलेलं लपवायला मावशींनी मला शिकवलं नव्हतं. काळीज अडखळलं, धावलं, आणि खोलीत हिरवा उजेड पडला.

“काकू,” नोंदणीबाई म्हणाल्या, “मी अठ्ठावन्न वर्षांची आहे. तुमची लेक गेली तेव्हा मी याच खोलीत बसून चहा पीत होते.”

साहेबांनी नोंदींची वही पुढे ओढली. काकूने दिव्याकडे पाहिलं. मग तिने आपला हात उचलला. दिवा विझला.

“म्हणजे हे माझंच होतं?”

“हो.”

“सोमवारीही? कालही?”

“हो, काकू.”

बाबांनी दारातून लेकीला हाक मारली, “चल गं.” त्या दोन शब्दांत तीन दिवसांचा घोर होता. भिंगरी उठली, दारापर्यंत गेली आणि परत फिरली. बाईंनी रिकाम्या केलेल्या खुर्चीत येऊन बसली आणि तिने आपले दोन्ही हात स्वतःच्या मांडीवर ठेवले.

“काकू, कशी होती ती?”

काकूने मान वर केली. सोळा वर्षांत तिने कितीतरी मुलांना विचारलं होतं, तुला आठवतं का, तुला आठवतं का. तिला मात्र हे कोणी विचारलं नव्हतं. मीही नाही, आणि मला तर तिचं काळीज ऐकू येत होतं.

“हट्टी,” ती म्हणाली. “महाहट्टी होती बघ. या फ्रॉकला मी म्हटलं लांब बाही, ती म्हणे आखूडच हवी. एक शिवून झाली आणि दुसरीवरून आमचं वाजलं. तोंड फुगवून बसली. त्याच रात्री ताप चढला.” “मला तिला परत नव्हतं आणायचं गं. एवढंच विचारायचं होतं, अजून रागावली आहेस का?”

भिंगरी ‘नाही’ म्हणू शकली असती. एक शब्द, आणि काकू सुखाने घरी गेली असती. पण त्या खोलीत खोटी साक्ष बरीच झाली होती.

“मला नाही माहीत, काकू. मी ती नाही,” भिंगरी म्हणाली. “पण मी बाबांवर रोज रागावते. दार आपटते, जेवत नाही म्हणते. संध्याकाळपर्यंत एकदाही टिकलेला नाही तो राग.”

“एकदाही नाही,” बाबा दारातून म्हणाले.

काकू रडली, आणि रडता रडता हसली. मग ती बोलत सुटली. लेक कशी शिट्टी वाजवायची, कोणाच्या नकला करायची, सुया कुठे लपवून ठेवायची. बाबांची बस त्या दिवशी दुसऱ्या चालकाने नेली.

मित्रांनो, केंद्र बंद झालं. ज्यांना परक्या घरी धाडलं होतं, ती मुलं आपापल्या घरी परतली. मी आता अडगळीच्या खोलीत आहे आणि पुढच्या महिन्यात माझं तांबं काढून घेणार आहेत. त्याची मला खंत नाही. माझा दिवा खरा होता, मी फक्त तो भलत्याच माणसाच्या नावावर लावला.

मला जपा, असं मी म्हणत नाही. पण तुमच्या शेजारी, वर्गात, घरात ज्यांचं कोणी गेलं असेल, त्यांना ‘आता विसरा’ म्हणू नका. ती कशी होती, तो कसा होता, एवढं विचारा. आणि विचारलंत, तर नीट बसून घ्या. उत्तर लांबतं.