दंदरावी अंडी

इन्साफचं बूड कधी एका जागी टेकलं नाही, असं तिची सासू चारचौघींत सांगायची आणि त्यात खोटं काही नव्हतं. चुलीवर भात ठेवला की ही तीनदा झाकण काढणार, आणि मग तो कच्चा राहिला म्हणून तांदळाला नावं ठेवणार. तिची आई, गलीलाबाई, आजारी होती तेव्हाही ही घडीघडी दार उघडून बघायची. गलीलाबाई शेवटी वैतागून म्हणाली होती, "मेले नाही अजून. दार लाव, वारा येतोय." आणि हिवाळ्यात ज्या सकाळी ती खरंच गेली, त्या सकाळी इन्साफ भाकरीच्या रांगेत उभी होती.

गलीलाबाई मूळची दक्षिणेतली, पार केनाकडची. लग्न होऊन तांता शहराजवळच्या या गावात येताना तिनं टोपलीतून तिकडच्या दंदरावी जातीच्या कोंबड्या आणल्या आणि तोच वंश जन्मभर सांभाळला. ती गेल्यावर कोंबड्या लेकीच्या गच्चीवर आल्या. महिना होतो न होतो तोच इर्सानं, मुंगसाच्या त्या बारक्या बहिणीनं, एका रात्रीत कोंबड्यासकट सगळ्या कोंबड्यांच्या माना फोडल्या. मागे राहिली फक्त टोपलीभर अंडी. ती फुकट गेली असती तर आईचं असं जिवंत काही जगात उरलं नसतं.

इन्साफ टोपली घेऊन म्हाताऱ्या अम्म हिलालच्या, म्हणजे हिलालकाकाच्या, अंडी उबवायच्या भट्टीवर गेली. मातीच्या विटांची ती भट्टी त्याच्या पणजोबांपासूनची. आतल्या बोळाच्या दोन्ही बाजूंना वर-खाली बुटक्या खोल्या, आणि त्यांत भुश्यावर अंडी. तिथली रीत अशी की तीन अंडी द्यावीत, दोन पिल्लं न्यावीत, आणि कुणाची कुठली हे विचारू नये. इन्साफनं नेमकं तेच विचारलं. पिल्लाच्या कपाळावर नाव लिहिलेलं असतं का, म्हणून म्हातारा हसला. मग तिच्या तोंडाकडे बघून त्यानं कोळसा उचलला आणि एकेका अंड्यावर फुली मारली.

खरी अडचण वेगळीच होती. भट्टीत त्या वेळी एका व्यापाऱ्याची मोठी, गडद तांबडी, परदेशी जातीची अंडी होती. त्यांचं कवच जाड. आतलं पाणी उडायला वेळ लागतो, म्हणून भट्टी कोरडी ठेवावी लागते. ओल जास्त झाली तर पिल्लू आतल्या आत बुडतं. दंदरावी अंडी बारकी, आणि बाहेर खमासीनचा कोरडा, उष्ण वारा सुटलेला, दातांत धूळ करकरणारा. या हवेत त्यांना ओल मिळाली नाही तर ती वाळणार. अम्म हिलालनं इन्साफची अंडी वरच्या कोपऱ्यातल्या खोलीत एकटी ठेवली आणि त्या खोलीच्या तोंडाच्या भोकावर ओलं गोणपाट टांगलं. अंडं पापणीला लावून तो ऊब जोखायचा, आणि भिंतीतल्या भोकातून येणाऱ्या उन्हासमोर धरून आतली हवेची पोकळी किती वाढली ते बघायचा. रोज खेटे घालणाऱ्या इन्साफला तो एवढंच सांगायचा, "चाललंय."

मग एका दुपारी तिच्या काही अंड्यांना आतून चोचीच्या टोचा पडल्या. बारकी जात आधी फुटते. तांबड्यांना अजून अवकाश होता. म्हाताऱ्यानं गोणपाट पुन्हा भिजवून भोकाच्या कडांना घट्ट दाबलं.

"आता याला हात लावायचा नाही," तो म्हणाला. "वाफ आत राहू दे. कोरडा वारा शिरला की आतला पापुद्रा पिल्लाच्या अंगाला चिकटतो. मग त्याला वळता येत नाही, आणि ते तिथंच मरतं. कळलं?"

कळलं, असं ती म्हणाली. तो भुसा आणायला गेला.

आतून चिवचिव येत होती. मग थांबली. इन्साफनं गोणपाटाचा कोपरा उचलला. सगळं ठीक दिसलं. तिनं तो सोडला. पुन्हा आवाज थांबला, पुन्हा तिनं उचलला. तिसऱ्यांदा गोणपाट बाजूलाच टाकलं. एका अंड्यातून नुसती चोच दिसत होती आणि ती हलत नव्हती. तिला धीर धरवेना. नखानं तिनं कवच सोललं. पापुद्र्यासोबत रक्त आलं, आणि पिल्लू तिच्या तळहातावर दोनदा थरथरून गार झालं. वारा बोळातून सरळ आत जात होता. मग कुठूनच आवाज येईना.

अम्म हिलाल परतला तेव्हा ती तशीच उभी होती.

"मी उघडलं," ती म्हणाली. "मीच मारलं."

तो ओरडला असता तर बरं झालं असतं. त्यानं मेलेलं पिल्लू तिच्या हातातून घेतलं, टोच पडलेली अंडी ओल्या फडक्यात गुंडाळली आणि परातीत कोमट पाणी ओतलं. ज्यांना भोक पडलं नव्हतं, ती त्यात अलगद सोडली. आत जीव असेल तर अंडं पाण्यावर हलतं. ती निपचित तरंगत राहिली. इन्साफला वाटलं, आईनं सांभाळलेलं सगळं आपण एका दुपारी संपवलं. मग एक अंडं कडेला डुललं. मग दुसरं.

त्यानं सगळी परत आत ठेवली, गोणपाट भिजवून तिच्या हातात दिलं आणि म्हणाला, "तू लाव."

"माझ्यावर विश्वास नका ठेवू, अम्म हिलाल."

"ठेवत नाहीच. मला तांबड्यांकडे बघायचंय आणि इथं बसायला दुसरं कोणी नाही, म्हणून."

तिनं भोक बंद केलं आणि त्याच्या खाली भिंतीला पाठ लावून बसली. हात मांडीखाली दाबून ठेवले. आत शांतता होती, आणि त्या शांततेत तिचे पाय आपोआप हलत होते. फार उशिरानं एक चिवचिव आली. लगेच थांबली. ती उठली नाही. आई आत निजली आहे आणि आपण बाहेर बसलो आहोत, असं तिला वाटलं आणि ती रडायला लागली, हिवाळ्यात रडायची राहिली होती तेवढी.

सूर्य कलताना तिचा नवरा, मुतवल्ली, तिला शोधत भट्टीच्या दारात आला. खोलीत आता पिल्लांचा गलका होता.

"किती निघाली?" त्यानं विचारलं.

"माहीत नाही."

"मग बघ की."

"नाही," इन्साफ म्हणाली. "हळू बोल, आणि ते दार लाव. वारा येतोय."